बुधवारची राणीची बाग

माझा नवरा मुंबई फार छान सांगायचा. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आला, की संध्याकाळी आमच्या पडवीत वाडीतली माणसं जमायची. तो भिंतीला टेकून, पाय लांब करून सुरू व्हायचा. राणीच्या बागेत शिरलं की दारातच हत्ती. हातातला नारळ सोंडेने असा अलगद काढून घेतो की बोटाला सोंड लागत नाही. गेटवेला पायऱ्यांना लागून बोटी उभ्या, आणि समोर मोठं हॉटेल, त्याच्या दारातल्या माणसाची पगडीच दोन हात. मी आत चुलीपाशी भाकऱ्या थापत ऐकायची. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत वरपर्यंत गेलेली नाही, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू यायचा. हत्तीच्या वेळी मी हात थांबवायची.

निघायच्या दिवशी बॅग भरताना तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला तुला नेतो. राणीची बाग दाखवतो."

पहिली काही वर्षं मी कुठलं लुगडं नेसायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पुढे लुगडी गेली, पाचवारी साड्या आल्या, मुलगा कॉलेजात जायला लागला, आणि पुढची खेप काही आली नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. दुकानदाराने माप कमी घातलेलं दिसतं, तरी मी पिशवी उचलून चालायला लागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि घरात पाठचं भावंड सांभाळायला कोणीतरी हवं होतं. वाचता येतं, लिहिता येतं, सावकाश. हे लिहिते आहे तेही दुपारी सगळी आडवी झाल्यावर.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. पौषाचे दिवस होते, भात झोडून झालं होतं. मालगुंडच्या रस्त्यावरच्या दुकानात मुंबईहून फोन आला. नवऱ्याच्या खोलीतल्या कोणीतरी केला होता. ताप उतरत नाही, घरचं कोणी आलं तर बरं. सासऱ्यांना दमा, मुलाची परीक्षा. सासूबाई म्हणाल्या, "तूच जा मग." अशी मी एकटी मुंबईला निघाले. माहेर सोडून मी त्याआधी एकटी कुठे गेले असेन तर रत्नागिरीच्या बाजाराला.

रात्रभर जागून बांधाबांध केली. पेजेसाठी उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकटाची चटणी, आणि तांदळाच्या भाकऱ्या. आजारी एकटा तो होता, पण भाकऱ्या सगळ्यांच्या करायच्या. त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या गावाची मुंबईत लालबागला एक खोली आहे. चाळीतली, दुसऱ्या माळ्यावर. गावचे पुरुष कामाला गेले की तिथे राहतात. भिंतीला देवीचा फोटो, वर ज्याची त्याची ट्रंक, खाली ज्याची त्याची वळकटी. गावाहून कोणाच्याही घरचं बोचकं आलं, की ते खोलीत सगळ्यांचं होतं. आणि बाईमाणसाने खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. हे दोन नियम खोली घेतली तेव्हापासूनचे. पहिला मला माहीत होता. दुसराही माहीत होता, पण नवरा तापाने पडलेला असताना तो मला लागू होईल असं मनात आलं नाही.

सगळ्या सामानाच्या वर मी माझी शिदोरी ठेवली. दोन भाकऱ्या आणि भाजलेला सुका बांगडा, जुन्या पदराच्या तुकड्यात बांधलेला. रात्रीच्या एसटीत खायचा धीर झाला नाही. शेजारी अनोळखी माणूस होता, आणि बांगड्याचा वास लपत नाही. म्हटलं, उद्या खाऊ.

खोलीचा पत्ता मला पाठ होता. सकाळी विचारत विचारत चाळीचे दोन जिने चढले, तर नवरा गॅलरीत उभा राहून दाढी करत होता. गालाला फेस, खांद्यावर टॉवेल. आरशातूनच त्याने मला पाहिलं.

"तू कशाला आलीस?"

"ताप होता ना तुम्हाला?"

"उतरला परवा. फोन करायला ह्यांना कोणी सांगितलान, देव जाणे."

आतून दोघंतिघं बाहेर आले. सगळे गावचेच, लग्नात नाहीतर पालखीत पाहिलेले. "वयनी, आलाव? बसा, बसा." एकाने गॅलरीत स्टूल आणून ठेवलं. दुसऱ्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेली. मी स्टुलावर बसले. दार उघडंच होतं, पण मी आत पाहिलं नाही.

ऐकू सगळं येत होतं.

"चटणी बघ रे, चटणी! आज डबा नको खानावळीचा."

"वयनी, भाकरी काय मऊ झालीय! आमची म्हातारी करायची तशी."

"ह्या वरच्या फडक्यात काय हाय? बांगडा! अरे, बांगडा बी हाय!"

ती माझी शिदोरी होती. ती माझी आहे, एवढे तीन शब्द मला म्हणायचे होते. पण सात-आठ पुरुष जेवायला बसलेले, आणि दाराबाहेरून त्यांच्या घासावर बोलायचं, ते माझ्याने झालं नाही. नवऱ्याचा आवाज आला, "चटणीत मीठ कमी पडलाय." मग फडकं आणि डबे धुऊन, पिशवीत घालून कोणीतरी माझ्या पायाशी आणून ठेवले. बरोबर कपभर चहा. चहा मी घेतला.

नवरा कपडे करून बाहेर आला. कापडाच्या गोदामावर तो राखणदार होता. "रात्रीच्या गाडीला बसवून देतो. तवर हितंच बस. बाजूच्या बाई चांगल्या हायत."

"दिवसभर इथे बसू?"

"मग काय करणार? माझी रजा काय झाडाला लागलीय?"

मी म्हटलं, "मी राणीची बाग बघून येते."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला अजून कळत नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून असेल.

तो मागे वळून खोलीत ओरडला, "ऐकलात काय? ही राणीची बाग बघून येणार! रत्नागिरीच्या स्टँडावर हिला आपली एसटी सापडत नाय."

आत सगळे हसले. "जाऊ दे की रे," कोणीतरी म्हणालं, "हत्तीला सांगून ठेव, वयनी येतायत म्हणून." पुन्हा हसले. मीही हसले. अशा वेळी हसतात म्हणून हसले.

"सरळ रस्ता हाय," जाता जाता नवरा म्हणाला. "कोण पण सांगेल. दारातच हत्ती." आणि जिना उतरून गेला.

बाजूच्या खोलीतल्या बाईंनी मला मोरी दिली, फणी दिली. बोलायला मोकळ्या होत्या. "मिस्टर का नाही नेत तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"त्यांना सुट्टी नसते हो."

"रविवारी घरीच असतात की. पत्ते कुटत बसतात सगळे. मी किती वेळा भिंत ठोकते, जरा हळू म्हणून. तुमच्या मिस्टरांचाच आवाज मोठा." त्या भांडी लावत बोलत होत्या, माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "हे लोक कुठे जात नाहीत हो. खोली, काम, खानावळ. मुंबईत राहून मुंबई पाहिलेली नाही त्यांनी."

मी फणी केसांत तशीच धरून उभी राहिले. वीस वर्षं मी समजत होते की रजा नसते. गरिबाला रजा नसते, त्याचा राग कसा करणार? पण रविवार होते. दर आठवड्याला एक, वीस वर्षं.

राणीची बाग खरंच सरळ रस्त्यावर होती. पायी चालत गेले. वाहनांना भीत होते, त्यामुळे दुकानांच्या फळ्यांना लागून, पाट्या वाचत वाचत. बागेचं दार लांबूनच ओळखू आलं. जवळ गेले तर ते बंद. मोठं फाटक, आतून साखळी. गजांतून पाहिलं तर झाडं आणि लांबवर पाला झाडणारी एक बाई. बाजूला शेंगदाणे विकणारा म्हातारा बसला होता.

"आज बुधवार, बाई. बुधवारी बाग बंद असते."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी. सगळ्या मुंबईला माहीत आहे. गावाहून आलात?"

"घरची माणसं इथेच राहतात," मी म्हटलं. "लालबागला."

"मग त्यांना विचारायचं नाही का?"

मी विचारलं, "दारातच हत्ती असतो ना?"

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. "दारात कसा असेल? हत्ती तिकडे आत, लांब."

मी गजाला हात लावून थोडा वेळ उभी राहिले. त्याने सांगितलेला हत्ती मी इतकी वर्षं जसाच्या तसा डोळ्यांपुढे ठेवला होता. दारातून शिरल्याबरोबर, उजव्या हाताला. उजव्या हाताला पाण्याची टाकी होती.

परत जाऊन स्टुलावर बसायची लाज वाटली. हसतील. म्हणून बसचा थांबा होता तिथे उभी राहिले आणि कंडक्टरला गेटवे म्हटलं. त्याने कुठे उतरायचं ते सांगितलं, आणि मी उतरायचं विसरेन असं त्याला वाटलं असावं, कारण जागा आल्यावर हाक मारली, "ओ मावशी, गेटवे!" मुंबईत मला त्या दिवशी कोणी चांगलं बोललं असेल तर ते परकेच.

उतरले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती आणि भूक सहन होत नव्हती. पिशवीत रिकामे डबे वाजत होते. एका हॉटेलवर मराठीत 'राईस प्लेट' लिहिलेलं होतं. ते वाचून मी पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले. हॉटेलात मी कधी गेले नव्हते. आमच्याकडे बाई जेवते ती सगळ्यांत शेवटी, आत, भांड्याच्या तळाला जे असेल ते. परक्या पुरुषांसमोर तोंड हलवायचं, हा विचारच अंगावर काटा आणणारा. पण तिसऱ्या वेळी पाय आपोआप आत वळले.

गल्ल्यावरच्या माणसाने मला पाहून जिन्याकडे बोट केलं. वर बायामाणसांसाठी वेगळी जागा होती, पंखा, चार टेबलं. वर कोणी नव्हतं. वेटर आला.

"किती जण?"

"मी."

"एकट्या? का कोण येणार आहे?"

त्याच्या आवाजात वाईट काही नसेल. पण एकटी बाई हॉटेलात, म्हणजे काय समजेल, या भीतीने मी म्हटलं, "येतायत."

त्याने दोन गिलास पाणी आणलं. एक माझ्यासमोर ठेवला, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. "साहेब आले की सांगा."

"माझं आत्ता आणा," मी म्हटलं.

ताट आलं. पुऱ्या फुगलेल्या, भाताची वाफ येत होती, वाट्याच वाट्या. कशापासून सुरुवात करायची कळेना. पुरीला बोट लावलं तर चटका बसला. मी ते बोट तसंच तोंडात धरलं. लग्न झाल्यापासून मला ऊन जेवण माहीत नव्हतं. सगळ्यांना वाढून, चूल आवरून बसेपर्यंत माझी भाकरी वातड झालेली असायची. इथे कोणी "पाणी दे" म्हणत नव्हतं, कोणी "मीठ कमी" म्हणत नव्हतं. चवीला फार काही विशेष होतं असं नाही. आमटी गोड होती, वांग्याची भाजी माझी याहून चांगली होते. तरी मी सगळं संपवलं. सावकाश. आणि पूर्ण वेळ समोर तो भरलेला गिलास आणि ती खुर्ची. पहिल्यांदा तिच्याकडे पाहवेना, मग पाहून पाहून राग यायला लागला. मला वाटायचं तसा मोठा राग नाही. भाकरीत खडा लागावा तसा.

वेटर ताट उचलायला आला. "साहेब आले नाहीत?"

"नाही. ते येणार नाहीत."

त्याने मान डोलावली. मी दुसरा गिलासही पिऊन टाकला.

गेटवेला समुद्र पाहिला. समुद्र आमच्या घरामागे आहे, याहून स्वच्छ. समोरचं मोठं हॉटेल मात्र त्याने सांगितलं तसं होतं. ते लांबूनच दिसतं, त्याला कोणी दाखवायला लागत नाही. बोटी होत्या. कबुतरं होती. गळ्यात कॅमेरे अडकवलेले फोटोवाले होते, त्यातला एक मागेच लागला.

"बाई, एक फोटो! लगेच मिळतो. हात असा वर धरा, घुमट चिमटीत पकडल्यासारखा येतो."

"चिमटीत नको," मी म्हटलं. "नुसता काढा."

मी पिशवी हातात धरून सरळ उभी राहिले. तो म्हणाला, "हसा जरा." मी हसले नसते, पण पोट भरलेलं होतं, वारा होता, आणि त्या क्षणी मी कुठे आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. फोटो चांगला आला. माझा दुसरा असा फोटो नाही. लग्नाच्या फोटोत मी खाली बघते आहे.

रात्री स्टँडवर नवऱ्याने विचारलं, "डबे घेतलेस काय सगळे?" बाग पाहिलीस का, हे त्याने विचारलं नाही. मीच सांगितलं, "राणीची बाग बुधवारी बंद असते."

"असेल. मी गेलो तवा उघडी व्हती."

फोटो दाखवला. त्याने दिव्याखाली धरून पाहिला. "फोटोवाल्याला पैसे घातलेस होय? बरा आलाय पण." एवढं म्हणून माझ्याकडे परत दिला. म्हणजे त्याला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते. तो विसरला, असं कोणी म्हणायला नको.

फोटो मी ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवला. गणपतीला तो गावी आला तेव्हा आपणच काढून पडवीत आणला. आरती झाली होती, वाडीतली सगळी माणसं प्रसादाला बसली होती. फोटो हातोहात फिरला. शेजारचे काका म्हणाले, "गेटवे! दाखवलीस म्हणायची मुंबई हिला."

"दाखवली तर. बोललो व्हतो, दाखवली."

"मग फोटोत ही एकटीच कशी? तू खंय?"

"दोघं फोटोत उभी राह्यली तर फोटो काढणार कोण? तुम्ही?"

सगळी पडवी हसली. मी मोदकांचं ताट घेऊन दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय गो? खोटं बोलतो काय मी?"

भर गणपतीत, अख्ख्या वाडीसमोर. सासरे तिथे, मुलगा तिथे. मी "हो" म्हटलं. मग वाटलं, "खोटं बोलतो काय" याला "हो" म्हणजे नक्की काय उत्तर झालं? पण कोणी तसं ऐकलं नाही. कोणाला तसं ऐकायचं नव्हतं.

आत आले तर सासूबाई नारळ खवत होत्या. विळीवरून नजर न काढता म्हणाल्या, "नशीब काढलंस हो. आम्हाला कोणी नेलं नाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना मी काय सांगणार होते?

फोटोला काच लावून तो पडवीत टांगला. दरवर्षी गोष्टीत भर पडत गेली. आम्ही बोटीत बसलो. आम्ही राणीच्या बागेत गेलो, हत्तीने माझ्या हातातला नारळ घेतला. तो माझ्या हातात नारळ देतो आणि मी आत बसून भाकऱ्या थापते. त्या एका दिवसाखेरीज माझ्याजवळ माझं असं काही नव्हतं. तोही त्याने नेला, आणि नेल्याचं त्याला काही वाटलं नाही. हॉटेलाचं मात्र त्याला माहीत नाही. ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

गोदाम बंद झालं, तो कायमचा घरी आला. मुलगा मुंबईला लागला आणि त्याच खोलीत, बापाच्याच जागेवर वळकटी टाकून राहू लागला. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. सून चुणचुणीत आहे, दहावी झालेली. शिमगा करून मुलगा निघाला तेव्हा मी ओटीवर होते. बॅगेची चेन ओढत तो तिला म्हणाला, "पुढच्या खेपेला तुला नेतो. बाबांनी आईला दाखवली तशी सगळी मुंबई दाखवतो." पडवीत त्याचा बाप मान डोलावत होता.

त्या दिवशी पुरुषांची पानं उठली, सासूबाईंना वाढून झालं. सून आणि मी राहिलो. तिने हसत विचारलं, "आई, हत्तीची सोंड हाताला कशी लागते हो?"

तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. साडीसुद्धा ठरली असेल.

मी तव्यावर भाकरी टाकली. "बाग बुधवारी बंद असते," मी म्हटलं. "जाशील तेव्हा बुधवार टाळ. आणि खोलीवर जाताना तुझी शिदोरी वेगळी बांध. त्यांच्या पिशवीत घालू नकोस."

तिचं हसू हळूहळू गेलं. ती पडवीच्या भिंतीकडे बघायला लागली, जिथे पलीकडून फोटो टांगलेला आहे. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आई, तो फोटो…"

भाकरी फुगली होती. मी ती तव्यावरून सरळ तिच्या पानात टाकली.

"जेव आधी," मी म्हटलं. "गार होईल."